वाफ ग्रहावरची की डागांतली?

श्रोतेहो, ८ जून २००४ रोजी सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्राचा काळा ठिपका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ६ जून २०१२ला तो पुन्हा दिसला. हे शुक्राचे अधिक्रमण. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह अभ्यासताना खगोलशास्त्रज्ञ अशाच अधिक्रमणाची वाट पाहतात. तिथे ठिपका दिसत नाही. ताऱ्याचा प्रकाश किंचित उतरतो, इतकेच कळते.

दुरून कोणी पाहिले, तर आपली पृथ्वी सूर्यप्रकाशाचा जेमतेम १२ हजारावा भाग अडवताना दिसेल. तारा लहान असला की हे प्रमाण वाढते. कन्या तारकासमूहात, २६ प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या एक तृतीयांश व्यासाचा एक लाल बटुतारा आहे. त्याचा ग्रह ‘जीजे ४८६ बी’ २०२१ मध्ये सापडला. पृथ्वीहून तो थोडाच मोठा, पण आपल्या ताऱ्याचा सुमारे ८००वा भाग झाकतो. म्हणून तर सगळ्यांची धाव या बटुताऱ्यांकडे. आपल्या आकाशगंगेत बहुसंख्य तारेही याच जातीचे आहेत.

२०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने या ग्रहाची दोन अधिक्रमणे टिपली आणि वर्णपटात पाण्याच्या वाफेची खूण उमटली. ग्रहावर तापमान ४३० अंश सेल्सियस, म्हणजे शिसेही वितळावे. तिथे वाफ टिकली असेल, तर वातावरणही टिकले असणार! पण संशोधकांनी तेव्हाच दुसरी शक्यताही मांडली होती: वाफ ताऱ्याची असेल. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र ‘पाणी’ हाच शब्द मोठा होतो, हे मी नेहमी पाहतो.

ताऱ्यावर वाफ? होय. डाग भोवतालापेक्षा थंड असतात. आपल्या सूर्याच्या डागांतही वाफ असल्याचे १९९५ मध्ये दाखवले गेले. आता गणपतीच्या मांडवावरची १०० दिव्यांची रोषणाई डोळ्यांसमोर आणा. एका दिव्यापुढे कोणी हात धरला, तर १००वा भाग प्रकाश कमी होईल. पण त्यातले २० दिवे आधीच विझलेले असतील, तर तोच हात ८०वा भाग अडवील. लांबून मोजणाऱ्याला वाटेल, हात मोठा झाला! वाफ जे रंग गिळते, त्या रंगांत डाग हे असे विझलेले दिवे असतात. त्या रंगांत ग्रह उगाच मोठा भासतो, आणि ग्रहाभोवती वाफेचे कडे असले तरी नेमके हेच दिसते.

मग दुसरी वाट धरली गेली. ग्रह ताऱ्यामागे दडताना किती उष्णता कमी होते, ते मोजायचे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांवरून तिथे दाट वातावरण नसावे, उघडा खडक असावा, असे दिसते. संशयाची सुई डागांकडे वळली.

मला सर्वांत आवडलेली युक्ती मात्र ४० प्रकाशवर्षांवरच्या ‘ट्रॅपिस्ट-१’ची आहे. या डागाळ ताऱ्याला ७ खडकाळ ग्रह आहेत. पैकी सर्वांत आतल्या ‘बी’वर फारसे वातावरण नसावे, असे २०२३ मध्ये दिसले. मग ‘बी’ आणि समशीतोष्ण पट्ट्यातला ‘ई’ यांची अधिक्रमणे पाठोपाठ टिपायची. ‘बी’च्या वेळी वर्णपटात जे दिसेल ते डागांचे धरायचे, ते ‘ई’च्या नोंदीतून वजा करायचे, आणि काही शिल्लक राहते का ते पाहायचे.