चित्राला नाव हवे



आजचा विषय दिसायला चिमुकला आहे. भ्रमणध्वनीवरून आपण हसरे तोंड, जोडलेले हात धाडतो, त्या चित्रांना इमोजी म्हणतात. १९९९ साली जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी अशी १७६ चित्रे आखली. २०१० साली युनिकोडच्या ६.० या आवृत्तीने शेकडो इमोजींना जगभर चालणारे क्रमांक दिले. त्याच आवृत्तीत आपल्या रुपयाचे चिन्हही आले. २०१८ साली आंबा आला. तो हापूसच आहे, असे रत्नागिरीकरांनी मानले तर कोणाची हरकत नसावी!

आता, संकेतस्थळावर एखादी माहितीपुस्तिका लिहिताना ही चित्रे घालायची कशी? साध्या कळफलकावर ती नाहीत. म्हणून युक्ती निघाली. दोन अपूर्णविरामांच्या मध्ये नाव लिहायचे, जसे ‘:आंबा:’. पान तयार होताना यंत्र कोष्टकात ते नाव शोधते आणि त्या जागी चित्र बसवते.

आपल्या जुन्या कारकुनांना यात नवल वाटले नसते. मोडी कागदांत ‘कि॥’ म्हणजे किल्ले, ‘प॥’ म्हणजे परगणे. लिहिणाऱ्याचे श्रम वाचत, वाचणारा पुरता शब्द जाणून घेई. पण कारकुनाला संदर्भ कळे. यंत्राला केवळ कोष्टक कळते. ‘१०:३०:४५’ ही वेळ आहे, तीत चित्राचे नाव नाही, हे त्याला आधी बजावावे लागते. कोष्टकात नसलेले नाव जसेच्या तसे राहू द्यावे. नमुन्यादाखल दिलेल्या आज्ञावलीला तर हात लावूच नये. वाचक ती उतरवून घेतो, आणि तीत चित्र शिरले की ती बिघडते.

खरा प्रश्न नावाचा आहे. अंध वाचकाला संगणक पान वाचून दाखवतो, तेव्हा चित्राचे नावच त्याच्या कानी पडते. युनिकोडच्या भाषाविषयक भांडारात इमोजींची मराठी नावे आहेत. पण अपूर्णविरामांतली प्रचलित नावे बहुधा इंग्रजीच. आंब्यावरील फवारणीची माहिती मराठीत लिहिणाऱ्याने चित्रापुरते इंग्रजी का आठवावे? कोष्टकात एका चित्राची दोन नावे सुखाने नांदू शकतात. आणि जेथे औषध विषारी आहे, तेथे चित्राशेजारी ‘विषारी’ हा शब्दही लिहावा; चित्र उमटले नाही तरी सूचना पोचते.

नावे ठेवण्यात आपण मराठी माणसे मुळीच मागे नाही. ती हौस या कामी लावावी, एवढीच आमची विनंती आहे.