अबोल उमेदवार आणि आपली पारख



‘बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही’ ही म्हण आपण घरोघरी ऐकतो. बाजारापुरती ती खरी असेल. पण माणसे निवडताना आपण विकणारे नसतो, घेणारे असतो. तेव्हा नुकसान आपले होते.

कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ च्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मांडली. मनाचा ओढा आत आहे की बाहेर, हा त्यातला फरक. अंतर्मुख म्हणजे भित्रा नव्हे, घुमा नव्हे, शिष्ट तर नव्हेच. आपण मात्र अबोल मुलाला यांतले एखादे नाव देऊन मोकळे होतो.

नोकरीच्या वेळी ही गल्लत महाग पडते. महाविद्यालयांत भरतीसाठी येणाऱ्या कंपन्या अनेकदा गटचर्चा घेतात. दहा उमेदवार आणि पंधरा मिनिटे धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते. विचार करून बोलणाऱ्याचे वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आपल्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरात मराठी, बाहेर गुजराती, हिंदी किंवा कन्नड, आणि मुलाखत इंग्रजीत. मनात भाषा बदलायला लागणारा तो क्षण समोरच्याला अज्ञान वाटू शकतो.

२००२ साली टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी नेतृत्वावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. बहिर्मुखतेचा नेता म्हणून पुढे येण्याशी सहसंबंध ०.३३ निघाला, नेतृत्व परिणामकारक ठरण्याशी ०.२४. म्हणजे बहिर्मुखतेचा उपयोग आहेच. पण खुर्ची मिळवायला जास्त, ती सांभाळायला कमी.

आपल्यापैकी पुष्कळजण निवडणाऱ्यांच्या बाजूलाही बसतात: पेढीवर, शाळेच्या नियामक मंडळात, संस्थेच्या कार्यकारिणीत. तिथे तीन गोष्टी करता येतील. सर्वांना तेच प्रश्न विचारा. गुण कशाला द्यायचे ते आधी ठरवा. आणि कामाचा नमुना मागा: हिशेबनीस हवा तर ताळेबंद तपासायला द्या, शिक्षिका हवी तर वर्गावर एक पाठ घ्यायला सांगा. अशा आखीव मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज नुसत्या गप्पांपेक्षा चांगला येतो, हे संशोधनात वारंवार दिसले आहे.

घरातल्या अबोल मुलाकडून मुलाखतीची तयारी जरूर करून घ्या. आपले काम दोन मिनिटांत सांगणे सरावाने जमते. पण ‘याचे कसे होणार?’ असे चारचौघांत म्हणू नका. ते ऐकत असते, आणि आपल्यापेक्षा जास्त काळ लक्षात ठेवते.