दुसऱ्याची माहिती, आपल्या हाती
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



एके काळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडच्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष जहाजावर किंवा आखातात असे. त्याचे पत्र आले की घरातली बाई ते वाचून घ्यायला गावातल्या एखाद्या शिकलेल्या चाचांकडे जाई. ड्राफ्ट कितीचा आला, कोणाचे देणे राहिले, सून का रुसली, सारे त्या चाचांना ठाऊक. पण ती गोष्ट त्यांच्या ओटीवरून कधी खाली उतरत नसे.

बीपीओ म्हणतात तो धंदा म्हणजे याच नात्याचा मोठा अवतार. एक कंपनी ग्राहकांचे फोन, बिले, विम्याचे दावे हे काम दुसरीकडे सोपवते आणि कामाबरोबर ग्राहकांची माहितीही तिच्या हाती देते. आपल्या पनवेल-उरणची मुले ऐरोली-महापे येथे अशा कचेऱ्यांत रात्रपाळी करतात, म्हणून हा विषय घेतला.

एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एक प्रकरण उघडकीस आले. सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे फोन घेण्याचे काम एमफसिस कंपनीच्या तेथील केंद्रात चाले. काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी गोड बोलून ग्राहकांकडून गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवले. यात कोणी कुलूप फोडले नव्हते. ग्राहकाने विश्वासाने सांगितले, समोरच्याने ते लक्षात ठेवले, एवढेच. पोलिसांनी त्यांना पकडले, पण देशभरच्या या धंद्याची मान खाली गेली.

पुढे २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ७२-अ हे कलम आले. करारामुळे हाती आलेली कोणाची खाजगी माहिती, त्याचे नुकसान करण्याच्या हेतूने फोडली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर काम दुसऱ्याकडे दिले तरी जबाबदारी मूळ मालकाचीच ठेवली, आणि दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये.

म्हणूनच मूळ कंपनी करारात सारे लिहून घेते : कोणत्या माणसाला कोणती माहिती दिसेल, कार्डाचे किती आकडे झाकलेले राहतील, करार संपल्यावर माहिती परत द्यायची की पुसायची. कामाच्या जागी मोबाईल, कागद, पेन नेऊ देत नाहीत. मुले घरी येऊन म्हणतात, "आम्हाला चोर समजतात." पालकहो, मला तसे वाटत नाही. उद्या काही बिघडले तर याच नियमांमुळे निरपराध मुलगा सुटतो.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच नोकरीत होता. एका खात्याचा हिशेब जुळेना, म्हणून त्याने लपवून नेलेल्या मोबाईलवर पडद्याचा फोटो काढून मित्राला विचारायला पाठवला. मनात काळेबेरे नव्हते. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. त्याचे वडील माझ्याकडे आले, म्हणाले, "सर, पोराने पैसाही घेतला नाही." मी काय सांगणार? खरे म्हणजे त्याने वरिष्ठाला विचारायला हवे होते. पण त्याला तिथे विचारायची भीती वाटत असे, आणि हा दोष एकट्या मुलाचा नव्हे. काम देणाऱ्याने नियम नीट समजावले नाहीत, अडचण सांगायला वाट ठेवली नाही, तर माणूस आडवाट शोधतो. माहिती झाकण्याइतकेच, कामाला लागते ती वेळेवर देणे हाही व्यवस्थेचाच भाग आहे.

आणि आपण स्वतः काय करतो? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला झेरॉक्सच्या दुकानात मुलाचा आधार, पासबुक, आईचा मोबाईल, वर त्यावर आलेला ओटीपीसुद्धा देऊन मोकळे होतो. तेही काम बाहेर सोपवणेच झाले! एका दुकानातल्या संगणकावर मी आमच्याच वर्गातल्या मुलांचे कागद उघडे पडलेले पाहिले आहेत. यंदा फॉर्म भरायला जाल तेव्हा ओटीपी स्वतः टाका, आणि काम झाल्यावर तिथेच उभे राहून आपली फाईल पुसून घ्या. दुकानदार ओळखीचा असला तरी.