सूर्याचा काटा कोण तपासतो?

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात जमलोय, तर सुरुवात बाजारातल्या वजनकाट्यापासूनच करतो. दुकानदाराचा काटा ठरावीक मुदतीने तपासला जातो, त्यावर शिक्का बसतो. मग सूर्य मोजणाऱ्या काट्याचं काय?

आधी एक कबुली. १९९६च्या सुमारास मी डोंगरावरच्या एका पोस्टवर होतो. काही वर्षांपूर्वी ज्या फ्रिक्वेन्सीवर वायरलेस खणखणीत लागायचा, तिथे आता नुसती खरखर. मी ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, सेट ठीक आहे. खालची फ्रिक्वेन्सी घेऊन बघू?" घेतली, आणि संपर्क झाला.

कारण वर होतं. सूर्याचे टोकाचे अतिनील किरण, साधारण १० ते १२१ नॅनोमीटर तरंगलांबीचे, हवेच्या वरच्या थरातल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. त्यातून आयनांबर तयार होतं आणि तेच आपल्या रेडिओलहरी जमिनीकडे परतवतं. सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रात त्याचा एकूण प्रकाश जेमतेम ०.१ टक्का बदलतो. हे किरण मात्र काही पटींनी कमीजास्त होतात. १९९६ साली सूर्य मंद होता. आयनांबर विरळ झालं, वरच्या फ्रिक्वेन्सी आरपार निघून गेल्या.

हे किरण हवेतच शोषले जातात, म्हणून ते वर जाऊनच मोजावे लागतात. आपल्या आदित्य-एल१ वरची, पुण्याच्या आयुकाने घडवलेली 'सूट' दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्य पाहते. ते सौम्य अतिनील. टोकाचे किरण मोजायला नासाने फेब्रुवारी २०१० मध्ये सोडलेल्या सौर वेधशाळेवर 'ईव्ह' हे उपकरण आहे. ते दर १० सेकंदांनी मोजमाप घेण्यासाठी बनवलेलं आहे.

पण जे किरण मोजायचे, तेच उपकरणाला झिजवतात. गाळण्या हळूहळू मंदावतात. आकडा घसरला, तर सूर्य मंदावला की उपकरण? म्हणून तसंच दुसरं उपकरण जमिनीवर प्रमाणित करून छोट्या रॉकेटने काही मिनिटांपुरतं वर पाठवतात. दोघे एकच सूर्य बघतात, आकडे ताडून पाहिले जातात. हाच तो शिक्का.

मी मात्र न तपासताच दोष ठरवला होता. नंतर त्या ऑपरेटरची माफी मागितली, पण ती एकांतात. झापलं होतं सगळ्यांसमोर. म्हणून आज ती तुम्हा सगळ्यांसमोर मागतो. जय हिंद.