रेकॉर्डिंग केलं, चुकलं का?

आमच्या गटातल्या एका ताईंना कर्जवसुलीवाला रात्री फोनवर घाणेरडं बोलायचा. त्यांनी गुपचूप रेकॉर्ड केलं आणि स्वतःच घाबरल्या, "माझ्यावरच केस होईल का?"

आपण स्वतः बोलतोय तो फोन रेकॉर्ड केला, तर तो गुन्हा धरत नाहीत. मुंबईतल्या लाचेच्या खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं असा पुरावा मानला. २०२५ मध्ये घटस्फोटाच्या दाव्यातही मानला. तिथं रेकॉर्डिंग नवऱ्यानं केलं होतं, हेही ध्यानात ठेवा बरं! दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टेप करणं मात्र गुन्हाच.

ताईंना आम्ही सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, मूळ फोनमधलं पुसू नका. कॉपी कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. सोमवारी आम्ही चौघी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जातोय.