लोणारचे विवर आणि उनकेश्वरचे कुंड

हिंगोली जिल्ह्याच्या काळ्या रानाखाली पसरलेला कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून उसळून थरांवर थर साचलेला लाव्हारसच होय. म्हणूनच, याच कातळात असलेले आणि १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अंमलदाराने दप्तरी नोंदविलेले लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले गेले, परंतु प्रचंड आघाताने काचरूप झालेली खनिजे तेथे आढळल्यावर ते उल्कापाताचे ठरले. भूगर्भीय उष्णतेची प्रचीती मात्र पैनगंगेच्या खोऱ्यात, किनवट तालुक्यातील उनकेश्वरी येते; तेथे भेगांतून खोलवर झिरपलेले पाणी तप्त होऊन, गंधकाचा दर्प घेऊन कुंडात वर येते, आणि त्वचाविकार शमतात या श्रद्धेने यात्रेकरू त्यात स्नान करतात.