मारबतीबरोबर कोण गेले?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि दोन काठांवरच्या पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. जाता जाता रोगराई, ढेकूण आणि डास घेऊन जा, अशी तिला विनवणी केली जाते. कृमिकीटकांनी गांजलेल्या माणसाचे हे मागणे स्वाभाविकच होय. तथापि गेल्या काही दशकांत ते विपरीत रीतीने पुरे होत आहे. डास राहिले, बोंडअळीही राहिली. पण ज्यांना कोणी जा म्हटले नव्हते, असे कितीतरी कीटक मात्र निघून चालले आहेत.

जर्मनीतील क्रेफेल्ड येथील कीटक-अभ्यासकांनी ६३ संरक्षित क्षेत्रांत सापळे लावून २७ वर्षांतील उडत्या कीटकांचे वजन केले. ते तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. जगभरच्या नोंदी एकत्र करणाऱ्या २०२० सालच्या अभ्यासात जमिनीवरील कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसले. भारतात अशी दीर्घ मोजणी फारशी झालेली नाही. परंतु कीटकांवर जगणाऱ्या पक्ष्यांची संख्या घसरत असल्याचे २०२३ च्या भारतीय पक्षी-अहवालाने नोंदविले आहे. ताटातले अन्न कमी झाले की पंगत उठते, त्यातलाच हा प्रकार.

सावरगावच्या परिसरातील कपाशीकडे पाहिले म्हणजे यामागचे एक कारण उमगते. फवारणी शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाही. मावा खाणारा ढालकिडा आणि अळीच्या अंड्यात आपले अंडे घालणारी इवलीशी ट्रायकोग्रामा माशी हे दोघेही अळीबरोबरच मरतात. अळीची वीण मोठी. त्यातून वाचलेल्या चार अळ्यांची संतती विषाला दाद देत नाही. मित्रकीटक मात्र तितक्या लवकर सावरत नाहीत. मग फवारणी वाढते. २००२ साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा हे चक्र थांबेलसे वाटले होते. पण गुलाबी बोंडअळीने तिलाही न जुमानण्याची शक्ती मिळविली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

हानी कोठे होते, हे नीट पाहिले पाहिजे. ज्वारी व गहू यांना फलधारणेसाठी कीटकांची गरज नसते. त्यांचे काही अडत नाही. भोपळा, काकडी, कारली यांची नर व मादी फुले मात्र वेगळी असतात. परागकण एका फुलातून दुसऱ्या फुलात माशी नेते; ती आली नाही तर फूल गळून पडते. म्हणजे उपासमार होण्याआधी ताटातली भाजी व फळे महागतील, आणि त्याची झळ गरिबाला आधी लागेल.

ज्या बैलाची पोळ्याला पूजा होते, त्याच्या शेणाचीही अशीच गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात गुरे बाहेरून नेण्यात आली. तेथील शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गुरांचे ओले शेण त्यांना आवरेना. ते कुरणात पडून राहू लागले, गवत खुंटले, माश्या बोकाळल्या. अखेर १९६० च्या दशकापासून परदेशांतून शेणकिडे आणून सोडावे लागले. येथे जे काम फुकटात होते, त्याची किंमत तेथे अशी मोजावी लागली.

उपाय अगदीच आवाक्याबाहेरचे नाहीत. २०२० च्या त्याच अभ्यासात गोड्या पाण्यातील कीटक वाढत असल्याचे दिसले, आणि पाणी स्वच्छ ठेवण्याचे प्रयत्न हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. शेतातही किडीची मोजणी केल्याशिवाय फवारू नये. कामगंध सापळे व निंबोळी अर्क आधी वापरावेत. संत्र्याला बहर असताना व मधमाश्या फुलांवर असताना पंप उचलू नये. धुऱ्यावरचे रानगवत आणि फुलझाडे सरसकट जाळू नयेत. एका शेतकऱ्याने हे केल्यास लाभ थोडा. कारण माशी धुरा ओळखत नाही. नदीच्या दोन्ही काठांनी मिळूनच ते करावयाचे आहे.